सरळ केलेला सूर

माझ्या धाकट्या भावाचं एक गाणं आहे. शब्द नाहीत त्यात. नुसती क्लॅरिनेट आणि तिच्याखाली धडधडणारा बेस. पांढुर्ण्यापासून सौंसरपर्यंत आणि पुढे थेट नागपूरपर्यंत आता नवरीच्या बिदाईला तेच वाजतं. लोक त्यावर रील करतात. परवा बसमध्ये शेजारच्या बाईचा फोन वाजला तर रिंगटोन तीच! "किती छान आहे ना वो?" ती म्हणाली. "हाव, छानच आहे," म्हणून मी खिडकीकडे तोंड फिरवलं. ते ऐकलं की माझं टाळकंच फिरतं. पण भांडावं कोणाशी? त्या बिचारीचा काय दोष?

त्यातली क्लॅरिनेट आमच्या बाबांची. वाजवली बाबांनीच. पण गाण्यात जे ऐकू येतं ते बाबांनी आयुष्यात कधी वाजवलेलं नाही. हे कोणाला सांगितलं की तो माझ्याकडे असा बघतो, जसं काही मलाच डॉक्टरकडे न्यायला पाहिजे. म्हणून एकदाचं नीट सांगून टाकते.

लग्नाच्या आधी बाबा आमल्याला रेल्वेच्या यार्डात कामाला होते. तिथल्या क्वार्टरात एक म्हातारे गार्डसाहेब राहायचे, ख्रिश्चन, अर्धे इंग्रज. तरुणपणी रेल्वेच्या क्लबात साहेबलोकांच्या नाचाला क्लॅरिनेट वाजवायचे. त्यांच्याकडे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या जुन्या तबकड्या होत्या, जॅझच्या, ब्लूजच्या. संध्याकाळी ते अंगणात खुर्ची टाकून ऐकत बसत आणि बाबा काम सुटलं की कुंपणापाशी उभे राहत. शेवटी साहेबच एक दिवस म्हणाले, "अंदर आ जा, वहाँ से क्या सुनाई देगा?"

बाबांनी विचारलं, हे कोण लोक आहेत. साहेबांनी सांगितलं, यांच्या आजा-पणज्याला बाजारात उभं करून विकलं होतं, शेतात कापूस वेचायला. "कापूस म्हटल्यावर मी हातातला चहा खाली ठेवला," बाबा सांगायचे. आमच्या आजीनं सगळा जन्म दुसऱ्याच्या वावरात कापूसच वेचला होता. आणि ब्लू म्हणजे निळा असं साहेबांनी सांगितलं तेव्हा तर बाबा हसायलाच लागले. म्हणाले, हा रंग तर आमच्या घरावर झेंडा होऊन फडकून राहिला आहे, साहेब.

साहेबांनी त्यांना एक संथ चाल शिकवली. त्या चालीत एक सूर आहे. तो पेटीवर सापडत नाही. पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी तो राहतो. ओठ किंचित सैल सोडून, वरच्या सुराला अर्ध्यातून खाली ओढायचं आणि तिथेच लोंबकळत ठेवायचं, पार खाली येऊ द्यायचं नाही. बाबा त्याला वाकडा सूर म्हणत. तो लागावा म्हणून त्यांनी एक अख्खा पावसाळा घालवला. यार्डातली माणसं म्हणायची, या पोराला लकवा मारला की काय, तोंड असं काय करून राहतो.

मग बाबा पांढुर्ण्याला परतले आणि बँड पार्टीत लागले. सिनेमाची गाणी, आरत्या, वरातीचा धांगडधिंगा, जे मागाल ते वाजवत. एकदा सावरगावच्या लग्नात ऐन बिदाईला ढोलाचं चामडं फाटलं. नवरी मांडवाच्या दारात उभी, बँडचा मालक ओरडून राहिला, काही तरी वाजवा बावा! बाबांनी एकट्यानं आमल्याची ती चाल धरली. वाकडा सूर आला आणि बायांमध्ये असा काही हंबरडा फुटला, की नवरीचा बाप, तालेवार माणूस, तोही फेट्याच्या शेवानं डोळे पुसायला लागला.

तेव्हापासून आमच्या भागात पद्धतच पडून गेली. नवरी निघाली की ढोलवाल्यांनी ढोल दारातच जमिनीवर ठेवायचे, ताशावाल्यांनी हात बांधून उभं राहायचं आणि एकट्या क्लॅरिनेटनं तिच्या मागं मागं गाडीपर्यंत चालत जायचं. लोक बँड ठरवतानाच विचारत, "आमल्याची चाल आहे का?" कोणाच्याच डोक्यात कधी आलं नाही की हे मंगलाचं गाणंच नाही. विकल्या गेलेल्या माणसांचं गाणं आहे ते. त्यावर कापसाच्या मालकांच्या लेकी सासरी गेल्या आणि त्यांच्याच मांडवात बाबांना जेवायला बाहेर बसवलं, सगळ्यांचं आटोपल्यावर, वेगळ्या पत्रावळीवर. बाबा हे हसून सांगायचे. मला हसू यायचं नाही. अजूनही येत नाही.

पुढे बँडचे दिवस फिरले. नागपूरकडून धुमाल आली, ट्रकवर स्पीकरचे भिंतीएवढे डबे, कीबोर्ड, ऑक्टोपॅड. नंतर डीजे आला. बँडवाल्यांचे लाल कोट पेटीत गेले. माझा भाऊ धुमालमध्ये शिरला आणि मी त्याला नावं ठेवली नाहीत, हे आधी सांगते. त्याचा कान चांगला आहे. लहानपणी तो ताटावर चमचा वाजवायचा, तर आई ओरडायची नाही, ऐकत बसायची. त्याला वाटलं, बाबांची क्लॅरिनेट आणि आपली मशीन एकत्र करावी. मला ही कल्पना आवडली होती. बाबांना तर त्याहून आवडली. "गार्डसाहेब असते तर त्यांनीच पहिले बटन दाबून पाह्यलं असतं," ते म्हणाले.

भावानं मोबाईलसमोर बाबांना बसवलं, चाल भरून घेतली आणि नागपूरच्या कुठल्याशा स्टुडिओत घेऊन गेला. तिथे तिचे तुकडे केले, खाली बेस टाकला, एक ओळ पुन्हा पुन्हा फिरवली. गाणं मोबाईलवर चढलं आणि बघता बघता पसरलं. एका दुपारी भावानं मोठ्या डब्यावर ते आम्हाला ऐकवलं. मी उभीच राहिले. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू? आमचे बाबा, इतके मोठे, सगळ्या गल्लीत!

बाबा मात्र डोकं वाकडं करून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "खालचा ठोका झकास आहे. पण तो सूर कुठं गेला?"

"कोणता सूर बाबा?"

"वाकडा."

भाऊ म्हणाला, "तो साफ केला स्टुडिओवाल्यानं. जरासा खाली लागला होता ना. मशीनमध्ये लाल दिसून राहिला होता, त्यानं उचलून बरोबर जागेवर ठेवला."

"खाली लागला नव्हता बावा," बाबा म्हणाले, "मी लावला होता."

भावाचा चेहरा पडला. मग त्यानं माणसं करतात तेच केलं, चिडला. "आता सगळीकडे गेलं ते! लोकाइले आवडून राहिलं, अन् तुम्ही एका सुरासाठी घेऊन बसले!" मला तेव्हा भावाच्या कानाखाली जाळ काढावासा वाटला. अरे, त्या एका सुरासाठीच तर सगळं होतं. बाकीची चाल कोणीही वाजवेल, शाळेतला पोरगा वाजवेल. एका माणसानं आयुष्यभर ओठ झिजवून जो सूर सांभाळला तो तुमच्या मशीनला चूक वाटला, आणि चूक सुधारून दिली म्हणून तुम्ही वर तिचे आभार मानता!

यानंतर जे झालं ते माझ्या लेकीमुळे. ती नागपूरला नोकरीला. तिचं लग्न ठरलं, मुलगा तिथलाच. मी सौंसरला शाळेत शिकवते, त्यामुळे लग्न सौंसरलाच करायचं ठरलं. एका रविवारी ती आली असता बाबा आमच्याकडेच होते. तिनं हट्ट केला म्हणून त्यांनी क्लॅरिनेट काढली. पुढचे दात गेलेले, कवळी बसवलेली, दम पहिल्यासारखा नाही. तरी वाकडा सूर लागला. पोरगी रडायलाच लागली. म्हणाली, "आबाजी, माह्या बिदाईले तुम्हीच वाजवा. मोबाईलवालं नको. हेच पाह्यजे."

बाबांनी मान हलवली. मग मला स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाले, "बाई, एकदा निघून गेला हा सूर की मग कोणाजवळच नाही. लोकाइच्या समोर एकदा खरा वाजला पाह्यजे. त्यालेही कळू दे." त्यालेही म्हणजे भावाला. त्यांना राग नव्हता. त्यांना आपला सूर पोराच्या हवाली करायचा होता, इतकंच.

मी भावाला फोन करून बोलावलं. वाटलं होतं आढेवेढे घेईल, पण तो लगेच मशीन घेऊन हजर झाला. त्या वर्षी भाव पडला म्हणून माझ्या सासरच्या वावरातला कापूस घरातच होता, मागची खोली छतापर्यंत भरलेली. भाऊ म्हणाला, "इथंच बसू. कापसात आवाज घुमत नाही, स्टुडिओत असंच लागते." मग रोज दुपारी दोघं त्या खोलीत बसायला लागले. बाबा खुर्चीवर, भाऊ जमिनीवर मशीन मांडून, केसांत कापसाचे पुंजके.

पहिले काही दिवस नुसती भांडणं. भाऊ म्हणे, "बाबा, तुम्ही ठोक्याच्या मागे राहून राहिले."

"मागेच राहा लागते."

"काहून?"

"अबे, रडनारा मानूस ठोक्यावर रडते का?"

भावानं ती ओळ पुन्हा एकदा लावून ऐकली. मग त्यानं मशीनमध्ये काही तरी खुडबुड केली आणि स्वतःचा ठोकाच मागे ओढला, जरासा, मधेच अडखळेल असा. बेस खाली घेतला. आणि मी दारात चहाचे कप घेऊन उभी असताना ते जमलं. मशीन बाबांची वाट पाहत होती, बाबा मशीनची. वाकडा सूर आला तेव्हा भावानं सगळे आवाज बंद केले, तो एकटाच हवेत लोंबकळू दिला आणि मग बेसनं त्याला खालून उचललं. मी तशीच उभी राहिले. चहावर साय धरली तरी कोणाला भान नव्हतं. भाऊ उठला आणि बाबांच्या पाया पडला. आमच्याकडे असं उठसूट पाया पडायची रीत नाही. बाबा म्हणाले, "उठ बे, नाटक्या," आणि डोळे पुसले. आमल्याच्या त्या अंगणापासून जे इथपर्यंत आलं होतं ते आता पुढे जाणार, असं मला खरंच वाटलं होतं.

लग्न जामसांवली रस्त्यावरच्या लॉनमध्ये झालं. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, दुपार कलली. बिदाईची वेळ आली. भावानं जुनी पद्धत मोडली नाही, धुमालवाल्यांना म्हणाला, हात बांधून उभे राहा. बाबांनी पेटीतला लाल कोट घातला होता. तो आता त्यांना खांद्यावर सैल होत होता. पोरगी नवऱ्यासोबत निघाली, तिच्या मागं बाबा आणि मशीनपाशी भाऊ. बाबांनी चाल धरली.

सुरुवात छान झाली. माझ्या नणंदेनं लगेच पदर तोंडाला लावला. मग बाबा त्या सुराकडे आले, ओठ सैल सोडले, भावानं सगळं बंद केलं. सूर आला. खरा, वाकडा, लोंबकळणारा. किंचित थरथरला, वय होतं ना. पण आला.

नवरदेवाच्या मित्रांतून कोणीतरी ओरडलं, "अरे अंकल, बेसुरा जा रहा है!"

एकच हशा पिकला. दुसरा म्हणाला, "डीजे भाऊ, असली वाला बजाओ ना!"

असली! मोबाईलवरचं ते असली आणि हा, ज्याच्यापासून ते चोरलं, तो नकली. आमच्याच नात्यातला एक जण मागून म्हणाला, "दम गेला आता म्हाताऱ्याचा, काहून उभं केलं त्याले?" बाबांनी ऐकलं की नाही कोण जाणे. ते दुसऱ्या आवर्तनाला वळले होते. मी भावाकडे पाहिलं. तो घामाघूम झाला होता. त्यानं त्या पोरांकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. आणि दाबलं बटन.

भिंतीएवढ्या डब्यांतून ते गाणं फुटलं. बेस छातीत बसला. पोरांनी हात वर केले, मोबाईल वर झाले. भावाला बाबांची लाज वाटली की कीव आली, मला आजही ठरवता येत नाही. नंतर मी विचारलं तर म्हणाला, "ताई, लोक हसून राहिले होते. मले पाहवलं नाही." खरं असेल. पण मग त्या खोलीत पाया कोणाच्या पडला होतास रे?

बाबांनी क्लॅरिनेट तोंडातून काढली. आवाज सुरूच. त्यांनी डब्यांकडे पाहिलं. सरळ सूर आला, अगदी जागेवर, स्वच्छ, आणि मांडवातल्या बाया ढसाढसा रडायला लागल्या. सगळ्या रडल्या. ज्यांनी तीस-चाळीस वर्षं वाकड्या सुरावर लेकी पाठवल्या त्याही सरळ सुरावर तितक्याच रडल्या. एकीलाही फरक कळला नाही. माझे डोळे कोरडेठाक होते. माझ्या अंगात नुसता संताप भरला होता, असं वाटत होतं की जाऊन त्या डब्यांची वायरच उपटावी.

मी पाऊल उचललंही. पण तेवढ्यात बाबांनी क्लॅरिनेट परत ओठांना लावली. गाल फुगवले. बोटं हलवायला लागले. फुंक नव्हती त्यात, मी जवळ होते, मला दिसत होतं. नातीच्या बिदाईत बखेडा नको म्हणून तो माणूस स्वतःच्याच सरळ केलेल्या सुरावर खोटी बोटं हलवत गाडीपर्यंत तिच्या मागं चालत गेला. पोरं त्यांचं शूटिंग करत होती. आता अंकल बरोबर वाजवून राहिले, म्हणून एकानं शिट्टीही मारली.

पोरगी गाडीत बसली. तिचा सगळा चेहरा भिजलेला, काजळ गालांवर. मला वाटलं, हिला तरी कळलं असेल. हिनंच तर मागितलं होतं. कापसाच्या खोलीत हिनं प्रत्येक रविवारी ऐकलं होतं. ती बोलेल, ती मामावर ओरडेल, ती गाडीतून खाली उतरेल. काच खाली झाली. तिनं हात बाहेर काढून बाबांचा हात धरला.

"आबाजी," ती हुंदके देत म्हणाली, "रडवलंच ना तुम्ही! तोच सूर होता ना?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही, भावाकडे पाहिलं नाही. नातीच्या डोक्यावर हात ठेवला.

"हाव माय," ते म्हणाले, "तोच होता. जा सुखानं."

गाडी निघाली आणि तेव्हा मी रडले. इतकी रडले की नणंदेनं आणि शेजारणींनी मला दोन्हीकडून धरलं, पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला. होते बाई, पोरगी जाते तेव्हा असंच होते, असं म्हणत राहिल्या.